टॅली जुळेपर्यंत

डिसेंबर २०१९. मुंबईच्या आझाद मैदानावर जाइल्स शिल्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेची मॅच. माझा मुलगा शाळेकडून आठव्या नंबरवर खेळायचा. त्या दिवशी आमच्या संघाचा स्कोअरर आलाच नाही. टॉस झाला, अंपायर मैदानात उतरायला निघाले आणि सर पालकांच्या घोळक्याकडे येऊन म्हणाले, "कुणाला स्कोअर लिहिता येतो का?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी पर्समधून पेन काढलं. लिहिता येत नव्हतं, पण डोंबिवलीत घरी शिकवण्या घेते, वह्या तपासण्यात पंधरा वर्षं गेलेली. आखलेले रकाने समोर आले की मला भीती वाटत नाही.

तंबूसमोर एक डुगडुगणारं टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. शेजारच्या खुर्चीत समोरच्या संघाचे स्कोअरर, सत्तरीच्या आसपासचे काका. त्यांनी माझ्या हातातलं पेन बघितलं आणि आपल्या खिशातली पेन्सिल पुढे केली. म्हणाले, "बघायचं मैदानात, लिहायचं कागदावर आणि गप्पा लंचला."

पहिलं षटक निर्धाव गेलं. छोट्याशा चौकोनात मी सहा टिंबं दिली, तीन वर, तीन खाली. काकांनी त्यांच्या वहीत ती टिंबं जोडून इंग्रजी एम काढून दाखवला: मेडन. विकेट पडून मेडन गेली तर तीच टिंबं उलटी जोडायची, की डब्ल्यू होतो. वाइड नि नो-बॉलच्या खुणा वेगळ्या. वाइड बॅटरच्या चेंडूंत धरायचा नाही, नो-बॉल धरायचा. बाय (बॅट किंवा अंगाला न लागता निघालेल्या धावा) नि लेगबाय (बॅटला न लागता अंगाला लागून निघालेल्या) बॉलरच्या नावावर चढवायचे नाहीत, वाइड चढवायचा. रनआउट बॉलरच्या खात्यात जात नाही. हे सगळं मी वर्षानुवर्षं टीव्हीवर बघत आले होते, पण हाताला माहीत नव्हतं. लंचपर्यंत बोटं पेन्सिलीने काळी झाली आणि मुलगा किती धावा करून आउट झाला हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळायच्या आधी वहीतून कळलं: ६ धावा, १९ चेंडू.

दिवस संपला तेव्हा काकांनी टॅली करायला शिकवलं. एका बाजूला सगळ्या बॅटरच्या धावा आणि अवांतर. दुसऱ्या बाजूला सगळ्या बॉलरनी दिलेल्या धावा, त्यात बाय, लेगबाय आणि पेनल्टी मिळवायच्या. दोन्हीकडे तोच आकडा आला पाहिजे आणि धावफलकावरही तोच. आमचा तीन धावांनी चुकत होता. काका उठले नाहीत. मैदान रिकामं झालं, माळ्याने खेळपट्टीवर पाणी मारलं, मुलगा किटबॅगवर बसून वडापाव खात होता, आणि आम्ही एकतिसाव्या षटकात हरवलेल्या तीन धावा शोधत होतो. सापडल्या. त्या सापडल्यावर जे वाटलं, त्यासाठी मी आजही पहाटेची लोकल पकडते.

आझाद मैदान लांबून बघणाऱ्याला एकच मोठं मैदान वाटतं. आत गेलं की कळतं, तिथे बावीस खेळपट्ट्या आहेत आणि त्यांच्या सीमारेषा एकमेकींत घुसलेल्या. आपला थर्ड मॅन दुसऱ्या मॅचच्या मिडविकेटला पाठ लावून उभा असतो. तिसऱ्याच मॅचचा चेंडू टेबलाखाली येतो, एक पोरगा "काकूऽऽ बॉल!" ओरडत धावत येतो. सगळे पांढऱ्या कपड्यांत. चार अंपायर एका रेषेत दिसतात आणि त्यातले आपले दोन कोणते, हे नजरेनं सतत पकडून ठेवावं लागतं. याच मैदानावर फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने नाबाद ६६४ धावांची भागीदारी केली, आणि २०१३ मध्ये पृथ्वी शॉने ५४६ धावा केल्या. लोक त्या खेळींबद्दल बोलतात. टेबलाशी बसायला लागल्यापासून मी त्या दिवशीच्या स्कोअररचा विचार करते. आजूबाजूला एवढ्या मॅच चालू असताना एकाच जोडीचा प्रत्येक चेंडू त्यांनी टिपला. एका बॅटरच्या रकान्यात मावतील एवढ्या धावा नव्हत्याच त्या.

मग २०२० उजाडलं आणि मैदानं बंद झाली. मी घरात नियम वाचायला घेतले. क्रिकेटचे नियम ४२ आहेत. स्कोअररसाठी तिसरा नियम मुख्य. दोन स्कोअरर असतील, प्रत्येक धाव, विकेट आणि षटक लिहितील, एकमेकांशी वरचेवर पडताळून पाहतील आणि अंपायरच्या प्रत्येक खुणेला पोच देतील. खूण केली आणि तिकडून हात वर आला नाही, तर अंपायरने थांबायचं. मला वाटायचं, आम्ही कडेला बसून जे चाललंय ते उतरवून घेतो. नियम वाचल्यावर कळलं, आमचा हात वर गेल्याशिवाय पुढचा चेंडू पडता कामा नये.

स्कोअररच्या परीक्षेची तयारी केली त्या वेळचे प्रश्न अजून पाठ आहेत. नो-बॉल, बॅटला लागला नाही, बॅटर दोन धावा पळाले: कुणाच्या नावावर काय? २०१७ च्या नियमांआधी त्या तिन्ही धावा नो-बॉलमध्ये जायच्या. आता एक नो-बॉलची, ती बॉलरच्या माथी, आणि दोन बाय. ओव्हरथ्रोवर चौकार गेला, तर फेक सुटली त्या क्षणी बॅटर एकमेकांना ओलांडून गेले होते का? कीपरच्या मागे ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला: पाच धावा पेनल्टी. माझ्याकडे शिकवणीला येणारी नववीतली दोन मुलं मला हे प्रश्न विचारायची, मी भाज्या चिरता चिरता उत्तरं द्यायचे.

पहिल्या खेपेला मी नापास झाले. लेखी चांगली गेली होती. प्रात्यक्षिकात मागे पडले, कारण एक चूक झाल्यावर ती दुरुस्त करत बसले आणि पुढचे तीन चेंडू हातचे गेले. काकांना फोन केला. त्यांनी एवढंच सांगितलं, "चुकलं तर शेजारी बारीक फुली मारायची आणि पुढे जायचं. ओव्हर संपल्यावर मागे वळायचं." पुढच्या खेपेला पास झाले. घरी श्रीखंड आणलं होतं.

पास झाल्यावर पाठवतील तिथे जावं लागतं. त्या दोन-तीन वर्षांत मी मुंबईचं क्रिकेट जागेजागेवरून बघितलं.

ओव्हल मैदान मला सगळ्यांत आवडतं. समोर राजाबाई टॉवर, १८७८ सालचा. विकेट पडल्याची वेळ लिहायला मनगटाकडे बघावं लागत नाही, मान वर केली की घड्याळ. हिवाळ्यात सकाळी त्या टॉवरमागून ऊन येतं आणि पहिली दहा षटकं बॉलरची सावली लांबलचक पडते. शिवाजी पार्कला टेबलाच्या मागून फेरी मारणाऱ्यांची रांग चालू असते आणि दर पाचव्या माणसाला स्कोअर विचारायचा असतो. तिथे मी उत्तर द्यायला शिकले ते मैदानावरची नजर न काढता. मरीन ड्राइव्हच्या जिमखान्यांवर, हिंदू, इस्लाम, पारशी, दुपारनंतर वारा सुटतो. कागद दाबायला मी चार गोटे पिशवीत घेऊन जाते.

कांगा लीगबद्दल मात्र थोडं जास्त लिहायला हवं. १९४८ पासून चालू असलेली ही स्पर्धा, डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची, मुद्दाम पावसाळ्यात खेळली जाते. खेळपट्टी उघडी. ओल्या मातीत चेंडू कधी थबकून येतो, कधी उसळतो, आणि मुंबईचे बॅटर ओल्या खेळपट्टीवर उभं राहायला इथेच शिकले असं जुने लोक सांगतात. स्कोअररला पाऊस वेगळाच शिकवतो. पान ओलं झालं की पेन्सिल उमटत नाही, कागद सोलून निघतो. मी प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत पॅड घालून पिशवीच्या तोंडातून हात आत घालते आणि लिहिते. माझ्या पहिल्या कांगा रविवारी अकरा विकेट पडल्या, तीनदा खेळ थांबला आणि प्रत्येक वेळी किती वाजता थांबला, किती वाजता सुरू झाला हे लिहायचं होतं. संध्याकाळी घरी वही पंख्याखाली उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती फुगून दुप्पट झाली होती, पण एकेक टिंब वाचता येत होतं.

आता जे मनात आहे ते सांगते. मैदानांवर स्कोअरर बाईला स्वच्छतागृह नसतं. सकाळी साडेआठला टेबलाशी बसायचं, पाचला उठायचं. पहिलं वर्ष मी लंचपर्यंत पाणीच प्यायले नाही. लंचच्या चाळीस मिनिटांत सीएसएमटी स्टेशनवर चालत जाऊन परत यायचं आणि उरलेल्या दहा मिनिटांत डबा खायचा. एका क्लबने आपणहून किल्ली दिली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. एका ठिकाणी दारावरूनच परत पाठवलं, "मेंबर्स ओन्ली" म्हणून, आणि मी त्यांच्याच मैदानावरची मॅच लिहीत होते. आता मुली खेळतात, त्यांची संख्या वाढते आहे, त्यांच्या आया येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी वर्ल्डकप जिंकला, त्या रात्री मी रडले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सराव करायला मैदानावर आलेल्या बारा वर्षांच्या मुलीने कपडे बदलायला कुठे जायचं, याचं उत्तर अजून कुणाकडे नाही. मी प्रत्येक बैठकीत हे विचारते आणि विचारत राहणार.

माझी सगळ्यांत मोठी चूकही आझाद मैदानावरचीच. सोळा वर्षांखालच्या मुलांची मॅच. एक मुलगा ४३ वर खेळत होता. चेंडू कीपरच्या बाजूने सीमारेषेपार गेला. अंपायरने आधी हात सरळ डोक्यावर नेला असणार, म्हणजे बाय, आणि मग हात हलवून चौकाराची खूण केली. मधे दुसऱ्या मॅचचा अंपायर आडवा आला. मला फक्त चौकार दिसला. मी पोच दिली आणि चार धावा मुलाच्या नावावर, बॉलरच्याही नावावर लिहिल्या. ओव्हर संपल्यावर शेजारच्या स्कोअररशी एकूण धावा ताडून पाहिल्या. जुळल्या. जुळणारच, कारण बाय असो की बॅटमधून, चार म्हणजे चार. माझ्या वहीत बॅटरची बाजू आणि बॉलरची बाजूही बरोबर बसत होती. पुढच्या षटकात त्याने कव्हर्समधून चौकार मारला, मी तंबूकडे वळून "फिफ्टी!" म्हटलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्याने बॅट उंचावली. शेजारचे स्कोअरर म्हणाले, "माझ्याकडे सत्तेचाळीस आहेत."

पाणी प्यायच्या वेळी अंपायरना विचारलं. बाय होती. पाणी पिऊन खेळ सुरू झाला आणि दुसऱ्याच चेंडूवर तो एलबीडब्ल्यू झाला. पॅड काढायच्या आधी तो टेबलाशी आला. "काकू, एक्कावन्न ना?" मी त्याला वही दाखवली, खोडलेली आकडेमोड दाखवली आणि माझी चूक झाली असं सांगितलं. तो काही बोलला नाही. वहीकडे बघत उभा राहिला, मग हेल्मेट उचलून गेला. सिलेक्शनच्या दिवसांत पन्नास आणि सत्तेचाळीस यांत किती अंतर असतं, हे मैदानावरच्या प्रत्येक आईला माहीत आहे.

तेव्हापासून मी खूण पूर्ण दिसेपर्यंत हात वर करत नाही. मधे कुणी आलं तर उभी राहते. अंपायर वैतागतात, वैतागू देत. आणि दर षटकाला शेजाऱ्याशी नुसती एकूण धावसंख्या नाही, दोन्ही बॅटरच्या धावा, बॉलरच्या धावा आणि अवांतर, असे सगळे आकडे बोलून घेते. नवीन येणाऱ्याला मी पहिली गोष्ट हीच सांगते: एकूण जुळलं म्हणजे बरोबर लिहिलं असं नाही.

पुढची पायरी लिनियर शीट. साध्या स्कोअरबुकात बॅटरचा एक पट्टा आणि बॉलरचा एक चौकोन. लिनियरमध्ये एक षटक म्हणजे एक ओळ. डावीकडे वेळ, मग दोन्ही बाजूंचे बॉलर, मग दोन बॅटर, आणि ज्याने चेंडू खेळला त्याच्याच रकान्यात तो चेंडू जातो. ओळीच्या शेवटी एकूण. कुठल्या बॉलरने कुणाला कितवा चेंडू टाकला, हे वर्षांनंतरही काढता येतं. मी प्रत्येक बॉलरला वेगळ्या रंगाचं पेन वापरते. शीटवर मैदानाच्या दोन बाजूंची नावं द्यावी लागतात. आझाद मैदानावर आम्ही "फॅशन स्ट्रीट बाजू" आणि "स्टेशन बाजू" असं लिहायचो, कारण तिथे बाजूंना नावं नाहीत.

गेल्या वर्षी एका स्थानिक स्पर्धेच्या सामन्यासाठी वानखेडेवर नाव लागलं. चर्चगेटला उतरले तेव्हा सामन्याला अडीच तास होते, म्हणून मुद्दाम उलट्या दिशेने चालत आझाद मैदानाच्या टोकाला बॉम्बे जिमखान्यापर्यंत गेले. भारतातली पहिली कसोटी तिथे झाली, डिसेंबर १९३३ मध्ये. लाला अमरनाथांचं ११८ धावांचं शतक तिथलंच. तिथून ब्रेबॉर्न, १९३७ मध्ये उघडलेलं. २००९ मध्ये सेहवागने २९३ केले ते तिथे. आणि ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर वानखेडे, जिथे पहिली कसोटी जानेवारी १९७५ मध्ये झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केले. कसोटीची तिन्ही मैदानं एका फेरीत पायी होतात. इतकी जवळ जवळ, आणि त्यांच्या मधोमध ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान, जिथे तिकीट लागत नाही.

वानखेडेवर स्कोअररची खोली काचेची आणि थंडगार. खुर्ची हलत नाही. कागद उडत नाही. पोच द्यायला बटण, ते दाबलं की दिवा लागतो. शेजारी एकजण संगणकावर तेच लिहितो. पहिल्या षटकात मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं, चेंडूचा आवाज येत नव्हता. मैदानावर कड लागली की कानाला कळतं, अंपायरच्या बोटाआधी. इथे फक्त डोळे. मी खुर्ची पुढे ओढली. शीटवर बाजूंची नावं लिहिली: गरवारे पॅव्हेलियन एंड, टाटा एंड. हात थरथरत होता, अक्षर जरा वाकडं आलं.

याच मैदानावर डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईत जन्मलेल्या एजाज पटेलने न्यूझीलंडकडून खेळताना भारताच्या दहाच्या दहा विकेट घेतल्या, ११९ धावांत. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला त्या सामन्याची स्कोअरशीट भेट दिली. एवढ्या मोठ्या माणसाला आठवण म्हणून द्यायला कागदच निवडला. ती बातमी वाचली तेव्हा मी अजून परीक्षा पासही झाले नव्हते. त्या थंड खोलीत बसल्यावर ती आठवली आणि हाताची थरथर थांबली.

चाळीस षटकं. एकदाही मागे वळावं लागलं नाही. शेवटचा चेंडू पडला, संगणकावर बसलेल्याने आकडे वाचले, मी माझे वाचले. बॅटर, अवांतर, बॉलर, बाय, लेगबाय. जुळले. सही करून शीट दिली. बाहेर पडल्यावर काकांना फोन केला. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, मी रस्त्यात उभी राहून मोठ्याने ओरडले, "टॅली जुळली!" ते म्हणाले, "कितव्या प्रयत्नात?" पहिल्या, म्हटलं.

त्यानंतरचा रविवार क्रॉस मैदानावर. मुलींची मॅच, तेच डुगडुगणारं टेबल, पिशवीत चार गोटे. सलामीची मुलगी बोल्ड झाली, पॅडसकट धावत टेबलाशी आली, श्वास लागलेला.

"काकू, माझे किती?"

"एकवीस. चौतीस चेंडू. तीन चौकार."

तिने किटबॅगमधून छोटी वही काढली आणि खाली बसून उतरवून घेतलं. मग मान वर करून विचारलं, "त्यात तो लेगबाय धरला नाहीत ना? तो माझा नव्हता."

मी तिला पान फिरवून दाखवलं.